जुनी, उंच गेलेली जास्वंद एकदम खाली छाटावी की टप्प्याटप्प्याने?

प्रश्न – पानगळ

भिंतीलगत लावलेली लाल, एकेरी फुलांची एक जुनी जास्वंद आहे. तिची आजवरची छाटणी म्हणजे हाताला लागतील ते शेंडे खुडणे, एवढीच. परिणामी झुडूप आता तीन मीटरांच्या वर गेले असून खालचा साधारण दीड मीटरचा भाग नुसत्या करड्या, उघड्या खोडांचा उरला आहे. पाने आणि फुले सगळी माथ्यावर आहेत आणि खालून ती नीट दिसतही नाहीत. बुडापासून सात-आठ खोडे निघालेली आहेत. त्यांतली काही मनगटाएवढी जाड आहेत, दोन एकमेकांना घासून त्यांची साल गेली आहे, आणि आतल्या दाट भागातील बेचक्यांमध्ये पिठ्या ढेकूण (पांढऱ्या पिठासारखी दिसणारी कीड) दर हंगामात नव्याने दिसतो. फुलेही पूर्वीपेक्षा लहान आणि कमी येतात.

सगळी खोडे गुडघ्याच्या उंचीवर छाटून टाकावीत, असा सल्ला मला मिळाला आहे, तर दुसऱ्या एका जाणकारांनी इतकी खोल छाटणी केल्यास झुडूप हमखास वाळेल असे बजावले आहे. ज्या खोडावर वर्षानुवर्षे एकही पान नाही त्याला नवी फूट खरोखरच येते का, आणि येणार असेल तर ते छाटण्याआधी कसे ओळखावे, हे मला समजून घ्यायचे आहे. छाटणीनंतर कापांवर काही लावावे का, हेही सांगावे. जास्वंदीशेजारी अनंताचे झुडूपही असेच वाढले आहे. दोन्हींची छाटणी एकाच वेळी उरकता येईल का?

प्रतिसाद १ – मृद्गंध

जास्वंदीच्या जुन्या, पाने नसलेल्या खोडालाही फूट येते. खोड कोवळे असताना प्रत्येक पेरावर, पानाच्या बगलेत, एक डोळा, म्हणजे फांदीचा अंकुर, तयार झालेला असतो. त्यांतले बरेच डोळे कधी फुटत नाहीत, पण म्हणून ते मरतात असे नाही. खोड जाड होत जाते तसे तेही दरवर्षी थोडेथोडे बाहेर सरकत सालीच्या आतल्या बाजूस सुप्तावस्थेत टिकून राहतात. त्यांना दाबून ठेवण्याचे काम शेंडा करतो. वाढत्या शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खोडातून खाली वाहत असते, आणि त्याचा प्रवाह चालू आहे तोवर खालचे डोळे बहुधा गप्प राहतात. शेंडा काढला की हा प्रवाह तुटतो आणि कापाच्या लगेच खालचे डोळे सर्वांत आधी जागे होतात. आपण आजवर केवळ वरचे शेंडे खुडत आलात, त्यामुळे नवी फूटही प्रत्येक वेळी त्या कापाच्या खालीच, म्हणजे माथ्यावरच येत राहिली, आणि झुडूप वरून दाट व खालून उघडे होत गेले. फूट खालून हवी असेल तर कापही खालीच घ्यावा लागेल.

मात्र प्रत्येक झुडपाला हे मानवत नाही. मोरपंखी, लॅव्हेंडर आणि रोझमेरी यांच्या पाने नसलेल्या जुन्या लाकडात फुटण्याजोगे डोळे फारसे उरत नाहीत, म्हणून हिरव्या भागाच्या खाली छाटले तर ती फांदी तशीच वाळून जाते. इतक्या खोल छाटणीने झुडूप वाळते, हा आपल्याला मिळालेला इशारा अशा झाडांबाबत अगदी खरा आहे. जास्वंद, बोगनवेल, तगर, कण्हेर ही मंडळी यात मोडत नाहीत.

आता पुढचा आणि माझ्या मते खरा प्रश्न असा की, डोळे असले तरी त्यांना फुटण्याचे बळ झुडपाजवळ आहे का. छाटणीनंतर काही आठवडे झुडपावर पानच नसते, म्हणजे अन्न तयार करणारा अवयवच नसतो. या काळातली सगळी फूट मुळांत आणि खोडांत साठवलेल्या पिष्टमय अन्नावर वाढते. हा साठा नवी पालवी फुटण्याच्या अगदी आधी भरपूर असतो आणि नवी पाने पूर्ण उमलत असताना सर्वांत कमी झालेला असतो, कारण ती पाने त्याच साठ्यातून घडलेली असतात आणि त्यांनी परतफेड अजून सुरू केलेली नसते. म्हणून कोवळी, तांबूस पालवी पाहून ‘आता झाड जोमात आहे’ असे समजत नेमक्या त्या वेळी खोल छाटणी करणे सर्वांत घातक ठरते. थंडी ओसरून डोळे नुकते फुगू लागलेले असताना, पण उमलण्याआधी, हे काम करावे. जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे ती पूर्ण सरेपर्यंत थांबावे, अन्यथा कोवळी फूट गारठून जाते. त्याचप्रमाणे भर उन्हाळ्याच्या तडाख्यातही छाटू नये, कारण इतकी वर्षे पानांच्या सावलीत राहिलेली साल अचानक थेट उन्हात येते आणि भाजून तडकते. ऊन प्रखर असेल तर उघड्या पडलेल्या जाड खोडांना पातळ चुन्याचा हात द्यावा.

खोड जिवंत आहे की नाही हे ओळखण्यासाठी नखाने किंवा चाकूच्या टोकाने साल जराशी खरवडून पाहावी. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर ते खोड फुटण्याची आशा आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर खाली खाली सरकत पुन्हा पाहावे. ही तपासणी प्रत्येक खोडाची स्वतंत्रपणे करावी, कारण एकाच झुडपातली दोन खोडे जोमदार आणि तिसरे आतून मेलेले असे बरेचदा आढळते.

एक गोष्ट छाटण्याआधी पाहायलाच हवी. जास्वंद कलमी असेल, म्हणजे एका जातीच्या खुंटावर दुसरी जात बांधलेली असेल, तर जमिनीजवळ कुठेतरी सांध्याचा फुगवटा किंवा सालीच्या पोतातला फरक दिसतो. काप त्या सांध्याच्या किमान १५ ते २० सेंटिमीटर वर असावा. सांध्याच्या खाली छाटले तर वर येणारी फूट खुंटाची असते, ती जोमाने वाढते, आणि आपली मूळ जात कायमची जाते. साध्या लाल एकेरी जास्वंदी बहुतेक फांदीपासूनच लावलेल्या असतात, तरीही खात्री करून घ्यावी.

प्रतिसाद २ – खुरपे

मृद्गंध यांनी सांगितलेली कारणमीमांसा मला मान्य आहे, परंतु सगळी खोडे एकाच दिवशी गुडघ्यावर आणण्यास माझा विरोध आहे, आणि तो या विशिष्ट झुडपाच्या वर्णनावरून आहे. फुले लहान व कमी येत आहेत आणि पिठ्या ढेकूण दर हंगामात परततो, या दोन्ही गोष्टी झुडपाच्या साठ्याविषयी शंका उत्पन्न करतात. रस शोषणारी कीड वर्षानुवर्षे टिकून असेल तर मुळांतला साठा आपण समजतो तेवढा नसण्याची शक्यता आहे.

अशा वेळी तीन हंगामांत विभागलेली छाटणी अधिक सुरक्षित असते. पहिल्या हंगामात एकूण खोडांपैकी एक तृतीयांश खोडे निवडावीत; निवड करताना सर्वांत जुनी, एकमेकांना घासणारी, आतल्या बाजूस वळलेली आणि कीड धरलेली खोडे प्रथम घ्यावीत आणि ती जमिनीपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर छाटावीत. उरलेल्या खोडांवरची पाने त्या काळात मुळांना पोसत राहतात. पुढच्या हंगामात खालून आलेली फूट स्थिरावली की दुसरा तृतीयांश, आणि त्यापुढच्या हंगामात शेवटचा. झुडूप कधीच पूर्ण उघडे पडत नाही आणि फुलेही थोडीफार मिळत राहतात.

एकदम की टप्प्याने, हे ठरवण्याचा एक सोपा निकष मी नेहमी वापरतो. गेल्या हंगामात वाढलेल्या फांद्यांची लांबी पाहावी. नव्या लाकडाची साल अजून हिरवट असते, त्यामुळे ती ओळखता येते. ही वाढ हातभर असेल तर झुडूप खोल छाटणी सहज सोसते. ती वीतभरही नसेल, पाने पिवळसर आणि लहान असतील, शेंडे वाळत असतील, तर आधी एक हंगाम पाणी, खत आणि कीड यांच्याकडे लक्ष देऊन झुडूप सावरू द्यावे आणि कात्री नंतर हातात घ्यावी.

प्रतिसाद ३ – मृद्गंध

खुरपे यांचा निकष योग्य आहे आणि झुडूप अशक्त असेल तर मीही टप्प्यांचीच शिफारस करीन. फक्त टप्प्याच्या छाटणीतली एक अडचण नोंदवतो. उंच, पानांनी भरलेली खोडे शिल्लक असली की झुडपाचा सगळा ओढा त्यांच्याकडे राहतो. शिवाय त्यांची सावली नेमकी छाटलेल्या खुंट्यांवर पडते. सावलीतल्या खुंट्यांतून येणारी फूट बारीक, लांबुडकी आणि फिकट होते, आणि पुष्कळदा ‘खालून फूट आलीच नाही’ अशी तक्रार यातूनच निर्माण होते. तेव्हा पहिली तृतीयांश खोडे विखुरलेली न घेता उजेडाच्या बाजूची, सलग घ्यावीत, म्हणजे त्या भागात ऊन थेट बुडापर्यंत पोहोचेल. राखलेल्या खोडांची उंचीही त्याच वेळी थोडी उतरवावी. त्यांतले एखादे लवचीक असेल तर ते दोरीने ओढून आडवे बांधून ठेवावे. फांदी आडवी झाली की शेंड्याचा दाब कमी होतो आणि तिच्या लांबीवरचे डोळेही फुटू लागतात. भिंतीलगतच्या झुडपाला हे विशेष सोयीचे पडते.

प्रतिसाद ४ – ओलावा

कापांवर काय लावावे याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून लिहितो.

जखमेवर डांबर, ऑइलपेंट किंवा तत्सम जाड लेप लावल्याने लाकूड कुजणे थांबते, ही समजूत फार जुनी आहे. अमेरिकेच्या वनसेवेतील अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडे उभी चिरून आतली कूज कशी पसरते याचा अभ्यास केला आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या मांडणीत दाखवले की, झाड जखम ‘भरून’ काढत नाही. ते जखमेभोवतीच्या पेशींमध्ये रासायनिक आणि रचनात्मक अडसर उभे करून तो भाग निरोगी लाकडापासून वेगळा पाडते आणि वरून नवे लाकूड चढवते. हे काम झाड स्वतः करते. जाड लेपामुळे आत ओल कोंडली तर उलट कुजीला सोय होते. म्हणून कोरड्या हवेत, स्वच्छ कापांवर काहीही न लावणे हाच मार्ग मी सुचवीन.

दमट हवेत किंवा पावसाच्या तोंडावर छाटणी करावी लागली तर मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावण्यास हरकत नाही. तिचा उपयोग वरून बुरशीचे बीजाणू रुजू न देण्यापुरता आहे. आत पोहोचलेली कूज ती बरी करत नाही. पेस्टचे नेहमीचे प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी असे आहे, त्यामुळे एका झुडपासाठी १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुरेसे होते. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावेत. लोखंडी भांडे वापरू नये, कारण मोरचुदातले तांबे लोखंडावर जमते आणि मिश्रण बिघडते. हातमोजे घालावेत आणि पेस्ट त्याच दिवशी वापरून संपवावी.

कापाच्या दर्जाकडे मात्र लेपापेक्षा कितीतरी अधिक लक्ष द्यावे. बोटाएवढ्या जाडीपर्यंत धारदार सिकेटर (एका हाताने चालवायची छाटणीची कात्री), त्याहून जाड खोडांना लांब दांड्याची कात्री आणि मनगटाएवढ्या खोडांना छाटणीची करवत, अशी विभागणी असावी. बोथट कात्रीने जाड खोड चिरडले जाते आणि चिरडलेली साल हमखास कुजते. जड खोडाला प्रथम अंतिम कापाच्या वीतभर वर, खालच्या अंगाने थोडी खाच घ्यावी, मग तिच्या जरा वर, वरच्या अंगाने कापून वजन उतरवावे, आणि उरलेला खुंट शेवटी हव्या त्या जागी स्वच्छ कापावा. असे न केल्यास फांदी स्वतःच्या भाराने खाली येताना लांबवर साल सोलून नेते. काप किंचित तिरका असावा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. जिथे डोळा दिसत असेल तिथे त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, आणि शक्यतो बाहेरच्या दिशेला तोंड असलेला डोळा निवडून कापावे. एखादी फांदी मुळापासूनच काढायची असेल तर तिच्या बुडाशी असलेला फुगवटा राखावा. खोडाशी अगदी सपाट कापल्यास तो फुगवटा जातो आणि झाडाचा अडसर उभारण्याचा भागच नाहीसा होतो. कीड धरलेले खोड छाटून दुसऱ्याकडे वळताना पात्याला ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्यावे.

प्रतिसाद ५ – पानगळ

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. सांध्याचा फुगवटा कुठेही दिसत नाही, त्यामुळे झुडूप कलमी नसावे. एक सोडून सर्व खोडांच्या सालीखाली हिरवा थर आहे. गेल्या हंगामातली वाढ वीत-दीड वीत भरते. म्हणजे खुरपे यांच्या निकषानुसार ती ना पुरेशी जोमदार, ना अगदी दुबळी. अशा मधल्या अवस्थेत काय करावे? तसेच छाटणीआधी बुडाभोवतीची माती खोल खणून भरपूर खत घालावे का, म्हणजे झुडपाला बळ मिळेल, असा विचार मनात आहे.

प्रतिसाद ६ – खुरपे

मधल्या अवस्थेसाठी मी दोन टप्पे सुचवीन. मेलेले खोड आणि उजेडाच्या बाजूची निम्मी खोडे या हंगामात खाली घ्या, उरलेली माणसाच्या कमरेइतकी ठेवा आणि पुढच्या हंगामात उतरवा. कमरेपर्यंत उतरवतानाही त्यांच्यावर थोडी पाने राहतील अशा बेताने, एखाददुसरी बाजूची पानाळ फांदी राखून काप घ्या. सगळी पाने माथ्यावरच असतील तर एक खोड या वेळी पूर्ण उंचीचे राहू द्यावे आणि जमल्यास मृद्गंध म्हणतात तसे आडवे बांधावे.

खोल खणणे कृपया टाळा. अन्न शोषणारी बारीक मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात, आणि फांद्यांवर घाव घालण्याच्या सुमारास मुळेही तोडली तर झुडपाचा साठा दोन्हीकडून खर्ची पडतो. वरची दोन-तीन बोटे माती हलक्या हाताने मोकळी करून त्यावर चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट पसरावे आणि वर वाळलेल्या पानांचे आच्छादन घालावे. ते खोडाला टेकू देऊ नये.

अनंताची छाटणी जास्वंदीबरोबर उरकू नये. जास्वंदीला फूल नव्या फांदीवर, पानांच्या बगलेत येते, म्हणून केव्हाही छाटले तरी नवी वाढ झाली की ती फुलते. अनंताच्या कळ्या आधीच्या हंगामात वाढलेल्या फांद्यांच्या शेंड्यांवर धरतात. बहराच्या तोंडावर अनंत छाटला तर त्या वर्षीचा सगळा बहर कात्रीखाली जातो. त्याचा बहर पूर्ण ओसरू द्यावा आणि लगेच छाटणी करावी, म्हणजे पुढच्या कळ्या धरण्यासाठी नव्या फांद्यांना पुरेसा वेळ मिळतो. अनंत जास्वंदीपेक्षा सावकाश भरून येतो, म्हणून त्याची छाटणी तीनपेक्षा कमी टप्प्यांत उरकू नये. लायलॅक आणि फोर्सिथिया या थंड प्रदेशातल्या फुलझुडपांनाही हाच नियम लागू होतो. मोगरा, बोगनवेल आणि कण्हेर मात्र जास्वंदीच्या गटातली आहेत. कण्हेर छाटणाऱ्यांनी हातमोजे घालावेत आणि छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, कारण तिचे सर्व भाग विषारी असून धूरही अपायकारक असतो.

प्रतिसाद ७ – मृद्गंध

छाटणीनंतरच्या पाण्याविषयी लिहिणे मला अत्यंत आवश्यक वाटते, कारण नीट छाटलेली झुडपेही पुढे याच कारणाने दगावतात. झुडूप जमिनीतून जे पाणी ओढते त्यातले बहुतांश पानांतून बाष्परूपाने बाहेर जाते. पानेच निम्मी उतरली की पाण्याची गरजही तितकीच उतरते, परंतु काळजीपोटी पाणी पूर्वीइतकेच किंवा अधिकच दिले जाते. माती सतत चिंब राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि मग ‘छाटणी सोसली नाही’ असा निष्कर्ष निघतो. बोट मातीत पाच सेंटिमीटरपर्यंत घालून पाहावे आणि तिथे कोरडे लागले तरच पाणी द्यावे. फूट वाढेल तसे पाणी वाढवत न्यावे.

छाटणीआधी पसरलेले कंपोस्ट सावकाश लागू पडते, त्यामुळे ते चालते. नत्र जास्त असलेले रासायनिक खत मात्र नवी फूट १० ते १५ सेंटिमीटर होईपर्यंत देऊ नये. पाने नसताना त्याचा उपयोग होत नाही, आणि नंतरही जादा झाले तर फूट लुसलुशीत होऊन मावा आणि पिठ्या ढेकूण तिच्याकडेच धावतात. छाटणीनंतर खोडांच्या बेचक्या उघड्या पडतील, तेव्हा कीड घालवण्याची तीच उत्तम संधी आहे. जुन्या दातघासणीच्या ब्रशने साबणाच्या पाण्याने पांढरा थर घासून काढावा आणि बुडाशी मुंग्यांची ये-जा आहे का ते पाहावे. किडीच्या अंगातून स्रवणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या तिची राखण करतात, म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय कीड हटत नाही.

फुटीबाबत थोडा धीर धरावा. काही खुंट्यांवर दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतील, तर जाड, जुन्या खोडांना याच्या दुप्पट वेळही लागू शकतो. सालीखालचा थर हिरवा आहे तोवर ती खोडे उपटू नयेत. एकदा सुरुवात झाली की एकेका खुंटीवर फुटव्यांचा झुबका येतो. सगळे ठेवले तर झुडूप पुन्हा आतून दाट होऊन कीड परतेल, म्हणून फुटवे बोटभर झाले की प्रत्येक खुंटीवर बाहेरच्या दिशेचे तीन-चार जोमदार फुटवे राखून बाकीचे हातानेच मोडून काढावेत. राखलेले फुटवे २० ते २५ सेंटिमीटर झाले की त्यांचे शेंडे खुडावेत. याने दोन कामे होतात: फांद्यांची संख्या आणि पर्यायाने फुलांच्या जागा वाढतात, आणि फुटवा आखूड राहिल्याने मोडत नाही. जुन्या लाकडातून आलेल्या फुटव्याचा सांधा सुरुवातीस सालीलगतच्या थरापुरताच असतो आणि त्याभोवती लाकूड चढेपर्यंत तो जोराच्या वाऱ्यात सहज निखळतो, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. प्रत्येक खुडणीबरोबर फुले थोडी लांबतात, म्हणून एक, फार तर दोन वेळा खुडून थांबावे. पहिली फुले साधारण तीन-चार महिन्यांत अपेक्षित ठेवावीत.

प्रतिसाद ८ – ओलावा

छाटलेल्या फांद्या टाकून देण्याआधी त्यांतल्या निरोगी, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या आणि कीड नसलेल्या काड्या बाजूला काढाव्यात. १५ सेंटिमीटर लांबीचे, तीन-चार पेरे असलेले तुकडे करून खालची पाने काढावीत, वरचे एखादे पान निम्मे कापून ठेवावे आणि दोन पेरे मातीत जातील असे निचऱ्याच्या माध्यमात, सावलीत लावावेत. उलटे लावले जाऊ नयेत म्हणून खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घेण्याची सवय ठेवावी. जुने झुडूप काही कारणाने अपेक्षेप्रमाणे फुटले नाही तरी तीच लाल एकेरी जात आपल्याकडे राहील. कीड धरलेल्या फांद्या मात्र कंपोस्टच्या ढिगात न टाकता पिशवीत बंद करून त्याच दिवशी बागेबाहेर काढाव्यात.